घड्याळजींची उबदार मोटार

ती. ताईस,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (तो सध्या कागदावरच मानून घे. पाठ वाकत नाही, कारण खाली येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे सर्व क्षेम आहे, माझा डावा खांदा सोडून. हे सगळं फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू मध्येच हसतेस आणि माझा मुद्दा राहून जातो. पत्र वाचताना तुला हवं तेवढं हस, मला ऐकू येणार नाही.

वि. वि. आपल्या होडीला मोटार घेतली. जुनी घेतली, पण पारखून घेतली, आणि पारखली मी. (अण्णा शेजारी उभे होते, एवढंच.) तुला माहीत आहेच, दर रविवारी वल्ही मारत तुझ्या धक्क्याला लागणारा माणूस खांदा गेल्यापासून पायरीवर बसून पाण्यापलीकडच्या तुझ्या काठाकडे बघतोय. सव्वा वर्ष झालं. रस्त्याने यायचं तर दोन बस बदलाव्या लागतात, आणि बसमधून उतरलो तर लेक म्हणेल बाप म्हातारा झाला, असं अण्णांचं म्हणणं. (तो झालाय, हे त्यांना सांगायचं काम मी तुझ्याकडे देतो.) आई गेल्यावर त्या रविवारांच्या आधारानेच ते उभे होते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं. म्हणून ठरवलं, अण्णांना होडीतूनच तुझ्या दारात उतरवायचं.

जुनी मोटार निवडणं लोक समजतात तेवढं अवघड नाही. मी सलग तीन दिवस वाचन केलं. अण्णांनी चाळीस वर्षं लाँचचं इंजिन सांभाळलं खरं, पण ते डिझेलचं. होडीच्या मागे अडकवायच्या या पेट्रोलच्या मोटारीतलं त्यांना काय कळणार, म्हणून त्यांना फक्त सोबत नेलं. पहिली मोटार एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंकडे होती. थंडगार पडलेली. दोरी ओढली तर चौथ्या ओढीला सुरू झाली. बाईंनी दर वर्षी तिच्यात काय काय बदललं ते सुवाच्य अक्षरात एका वहीत लिहून ठेवलं होतं. मला तिथेच संशय आला. एवढं लिहून ठेवावं लागतं म्हणजे मोटारीत काहीतरी असणारच. अण्णांनीही मान हलवली, चौथी ओढ म्हणजे फार झालं म्हणाले. बाईंनी आम्हाला दारापर्यंत सोडलं आणि दार जरा जोरातच लावलं.

दुसरी मोटार घड्याळजींची. भर बाजारात त्यांचं दुकान, मागे पत्र्याची खोली. डोळ्याला भिंग लावून केसाएवढा स्क्रू चिमट्यात धरणारा माणूस. तो इंजिन किती जपत असेल, तूच सांग. आम्ही येणार म्हणून त्यांनी मोटार आधीच पाण्याच्या पिंपावर अडकवून ठेवली होती. खालची फरशी चांगली ओली होती. (मी याचा अर्थ स्वच्छता असा घेतला.) अण्णांनी मोटारीच्या वरच्या झाकणावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, मग मला ठेवायला लावला. झाकणाला छान ऊब होती. मी म्हटलं, चांगल्या घरातली मोटार दिसते. अण्णा म्हणाले, "हीच घे." दोरी अर्धी ओढली नाही तोच सुरू झाली. घड्याळजी पुन्हा भिंग लावून बसले, आमच्याकडे त्यांनी परत पाहिलं नाही.

गेल्या रविवारी सकाळी चाचणी. मोटार अर्ध्या ओढीत सुरू होते हे माहीत असल्यामुळे मी आधी धक्क्याचा दोर सोडला आणि मग मोटारीची दोरी ओढली. एकदा ओढली, दहादा ओढली, चाळीसनंतर मोजणं सोडलं. तेवढ्यात होडी पाणगवतात जाऊन रुतली होती. अण्णा पुढच्या फळीवर शांत बसून बगळे बघत होते. शेवटी मासे धरणाऱ्या एका बाईंनी आम्हाला ओढून आणलं आणि वाटेत आपलं जाळंही टाकून घेतलं, हे मला जास्त लागलं.

मेकॅनिकने अर्ध्या मिनिटात निदान केलं. मोटार गरम असली तरच पटकन सुरू होते. विकणाऱ्याने तुम्ही यायच्या आधी चालवून ठेवली असणार. झाकणाला हात लावून बघायचा असतो, म्हणाला. मी म्हटलं, लावला होता, दोघांनीही लावला होता. त्याने आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. अण्णा त्याच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. लागणारा पार्ट यायला दीड महिना आहे.

पण मी हात टेकणाऱ्यातला नाही. मोटार गरम लागते ना, मग गरम करूनच न्यायची! अंगणात पिंप भरलं. (ही मोटार पाण्यात बुडवल्याशिवाय चालवायची नसते.) पन्नास ओढी मी मारल्या, एकावन्नाव्या ओढीला तुझ्या भावजयीने सुरू केली. (पन्नास ओढींनी मी ती सैल करून ठेवली होती, हे ती मान्य करत नाही.) वीस मिनिटं चालवली, बंद केली, दोन गोधड्यांत गुंडाळली आणि हातगाडीवरून धक्क्यावर पळवली. पोचायला नऊ मिनिटं लागली, आणि पहिल्या ओढीला सुरू! मधल्या खडकापर्यंत जाऊन परतही आलो. तेव्हा येत्या रविवारी सकाळी दहाला आम्ही तुझ्या धक्क्याला लागतो, हे पक्कं समज. भाऊजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझ्या धक्क्याजवळ एक मोठं पिंप पाण्याने भरून ठेव. भाऊजींचे दोन्ही खांदे ठीक आहेत ना, हेही विचारायचं राहिलं.

ता. क. २ खरं काम हे. तुमच्या काठावर जुन्या मोटारींचा एक जाणकार आहे आणि त्याच्याकडे तो पार्ट असतो, असं कळलं. रविवारी त्याला बोलावून ठेव, अण्णांना मात्र कळू देऊ नकोस, माझी पारख चुकली असं त्यांना वाटायला नको. त्याच संध्याकाळी परतायलाच हवं. तुला ठाऊक आहे, ते कुणाकडे मुक्काम करत नाहीत. राहा म्हटलं की होडी रात्री आपल्या जागेवर हवी, हे एकच उत्तर. हल्ली त्यांचा अंदाजही चुकतो. एका दिवसासाठी पाच सदरे, कानटोपी आणि महिन्याची औषधं भरून बसलेत. पाकीट तेच चिकटवून टपालात टाकतील. चष्मा सापडत नाही म्हणतात, तेव्हा वाचायची भीती नाही.

बाळे, चष्मा सापडला. जाणकाराला बोलावू नकोस, पिंपही भरू नकोस. धाकट्याला संध्याकाळच्या बसमध्ये बसवून दे. चाळीस वर्षं इंजिनाशी काढली, गरम झाकण मला कळलं नसेल होय? बाईंची मोटार उत्तम होती. तिने मला त्याच संध्याकाळी परत आणलं असतं.

अण्णा