टाकीला शेवाळ का धरत नाही

बाई, तुमच्या मागीलदारच्या टाकीतून खरवडलेला लाल रंगाचा एक टवका गेले आठ दिवस माझ्या टेबलाच्या कप्प्यात पडून आहे. तुमच्या भाचीने घर विकलं. मला फोन करून म्हणाली, मावशीची पुस्तकं हवी असतील तर घेऊन जा, नाहीतर रद्दीत जातील. गेले. निम्मी पुस्तकं वाळवीने खाल्ली होती. मागे डोकावले तर टाकी तश्शीच. रंग उडालाय तिथे काळं-हिरवं, रंग शिल्लक आहे तिथे अजून स्वच्छ. घर घेणारा गृहस्थ तिथेच उभा होता, बरोबर बायको आणि दोन लहान मुली. टाकीवर थाप मारून म्हणाला, "बाकी सगळं पाडणार, पण ही ठेवणार. जुनं काम बघा, शेवाळसुद्धा धरत नाही. पंप बसवला की स्वयंपाकघरात थेट पाणी." धाकटी मुलगी आत वाकून साद घालत होती, आवाज घुमतो म्हणून. मी म्हटलं, पाडा हो ही, गळते. तो हसला. "गळते कुठे? दोन दिवस भरून ठेवली होती की!" निघताना त्यांची पाठ वळलेली बघून नखाने एक टवका काढला आणि रुमालात बांधून आणला.

तुम्ही असता तर पहिला प्रश्न विचारला असता, शेवाळ का धरत नाही गो? तुम्हाला कशाचंही का विचारायची खोड होती. तीच मला लागली, फक्त माझ्यात ती सडली आणि संशय झाला. हल्ली मी कुणावरच विश्वास ठेवत नाही. डब्यावर 'अन्नासाठी सुरक्षित' लिहिलं की मला वाटतं, हे सांगायची वेळ का आली? पातेल्याचा काळा लेप, पावतीचा गुळगुळीत कागद, पोरींच्या नखांना लावायचा रंग, सगळं उलटं करून वाचते. नवरा म्हणतो, तू देवाच्या तीर्थाचासुद्धा नमुना घेशील. घेईन! मिरजोळ्याला आमची खाजगी प्रयोगशाळा आहे ना, तिथे पंचवीस वर्षं मी काय बघतेय? गिऱ्हाईक बाटली आणून देतं आणि सांगतं, एवढंच तपासा. आम्ही एवढंच तपासतो. न तपासलेल्याबद्दल कुणी विचारत नाही. खाली छापून जातं 'आढळले नाही', आणि लोक ते चौकट करून लावतात. बाई, शोधलंच नाही तर आढळेल कुठून? या दोन शब्दांवर माझा काडीचा विश्वास नाही.

मला ती ओहोटीची सुकती आठवते. बंदराजवळचे खडक उघडे पडलेत, तुम्ही साडीचा ओचा खोचून पुढे, तुमच्या वर्गातल्या आम्ही सहाजणी चपला हातात घेऊन मागे. तुम्ही खडकावरचे शंख गोळा करायला लावता. दर वर्षी याच दिवसांत खडकाला यांची पिवळी अंडी चिकटलेली असतात, म्हणता, यंदा कुठे गेली? कॉलेजात आणून शिकंज्यात धरून एकेक शंख फोडला. माद्या बघितल्या आणि आम्ही एकमेकींना कोपरं मारून खिदळायला लागलो, कारण मादीला नराचा अवयव फुटला होता. एकीला नाही, जवळजवळ सगळ्यांना. अंडी बाहेर यायची वाटच बुजली होती. मी सगळ्यात मोठ्याने हसले. तुम्ही चिमटा खाली ठेवलात. "हसत्येस काय गो? तिला विचारून केलंय कुणी?" एवढंच बोललात. माझे कान लाल झाले ते घरी जाईपर्यंत तसेच होते.

पुढचे चार महिने तुम्ही आणि मी. लांब आरे-वारेच्या खडकांवरून शंख आणले, तिथल्या माद्या ठणठणीत. बंदराच्या जितकं जवळ यावं तितका गोंधळ जास्त. तुमचं बोट होड्यांच्या तळाकडे गेलं. पावसाआधी होड्या वर ओढतात, तळ खरवडतात, नवा लाल रंग देतात आणि नारळी पौर्णिमेला पाण्यात लोटतात. खरवड तिथेच चिखलात पडते. "यात कथिलाचा काहीतरी प्रकार आहे," तुम्ही म्हणालात. "शेवाळ मरतं, शिंपले मरतात. शंख मरत नाही, पण हा रंग त्याच्या संप्रेरकांच्या कारभारात लुडबूड करतो. मारणारं विष लगेच कळतं गो. हे चिमूटभरसुद्धा लागत नाही, आणि ज्याला बाधलं तो मरत नाही, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही." मी वहीत उतरवून घेत होते. लिहिता लिहिता माझा हात थांबला. का थांबला ते तुम्ही विचारलं नाहीत. सगळ्याचं का विचारणाऱ्या तुम्ही, तेवढंच विचारलं नाहीत.

आता सांगते. आदल्या वर्षी तुम्ही मला तुमचं पितळी मुठीचं भिंग दिलं होतंत. "माझे डोळे जाताहेत, तुझे येताहेत," म्हणालात. आमच्या घरात मला कुणी परकर-पोलक्यापलीकडे काही दिलं नव्हतं. त्या बदल्यात काहीतरी द्यावं म्हणून माझा जीव नुसता वरखाली होत होता. त्याच श्रावणात टाकी घासताना शेवाळावरून तुमचा पाय सरकला, घोटा सुजला, तीन आठवडे तुम्ही लंगडत होतात. मी मनात पक्कं केलं. आमच्या शेजारच्या चाचांच्या दोन होड्या होत्या, त्यांचा भाऊ जहाजावर कामाला. मी त्यांना विचारलं, चाचा, शेवाळ धरणार नाही असा रंग कोणता? ते म्हणाले, "होडीचाच गो बाय! त्याच्यापुढे शेवाळाची काय बिशाद. आमची जमात तर मोरीला पण लावते." भावाने जहाजावरून आणलेला पाऊण डबा उरला होता, तो त्यांनी खुशीने दिला. पुढच्या मे महिन्यात तुम्ही बहिणीकडे पुण्याला गेलात, विहीर खाली गेलेली, टाकी कोरडी. किल्ली माझ्याकडे होती. आतून तीन हात दिले, कोपरे बोटाने भरले. वासाने डोकं दुखत होतं तरी गाणी म्हणत होते.

तुम्ही परत आलात आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिलात. फुकट आणलेलं तुम्हाला चालत नसे, म्हणून मी सांगितलं, बाजारातून आणला, शिष्यवृत्तीतून. ते पहिलं खोटं. पाऊस पडला, गणपती आले, गेले, टाकीत हिरवा ठिपका नाही. तुम्ही येईल त्याला मागे नेऊन दाखवायचात. "माझ्या पोरीची करामत!" विहीर गढूळ झाली की पावसाळ्यात प्यायलाही टाकीत साठलेलं तेच पावसाचं पाणी. मी तुमच्याकडे चहा प्यायला यायचे तो त्याच पाण्याचा. गोड लागायचा हो.

मग ती बैठक. ऑफिसचं नाव घेत नाही, आता ते तिथे नाहीही. तुम्ही त्या रंगाविरुद्ध टिपण तयार केलं होतं, मी मांडीवर शंखांच्या बाटल्यांची पिशवी घेऊन तुमच्या शेजारी. समोर साहेब, आणि रंगवाल्यांचा एक गुळगुळीत माणूस, सारखा मान डोलावणारा. साहेब म्हणाले, "बाई, शंखाच्या बायकांचं काय घेऊन बसलात? मच्छिमारांच्या पोटाचं बघा. होडीला शिंपले लागले की डिझेल दुप्पट." ते खोटं नव्हतं, चाचाही तेच सांगत. तुम्ही म्हणालात, आज शंख आहे, उद्या माणूस असेल. साहेब पुढे झुकले. "बरं. हा रंग माणसाच्या प्यायच्या पाण्यात गेलाय असं एक घर दाखवा. एकच. उद्या वर लिहितो."

बाई, त्या खोलीत पंखा होता, त्याचं एक पातं वाकडं होतं, दर फेरीला टक् करायचं. मी ते मोजत राहिले. बाटल्यांची पिशवी घट्ट धरली. तुम्ही मान वळवून माझ्याकडे बघितलंत. रागाने नाही. शाळेतल्या पोराने शाई सांडली की त्याची आई बघते ना, तसं. मग साहेबांना म्हणालात, "नाही. असं घर माझ्या माहितीत नाही."

टिपणावर 'अधिक अभ्यासाची गरज' असा शेरा पडला आणि ते कपाटात गेलं. पुढे कितीतरी वर्षांनी जगानेच त्या रंगावर बंदी घातली, तेव्हा कुणी ते कपाट उघडलं नाही. मी आयुष्यभर त्या साहेबाला शिव्या घातल्या. रंगवाल्याने त्याला आंब्याच्या पेट्या दिल्या असतील, वरून फोन आला असेल, सगळे मिळालेले असतील, असं शंभर जणांना सांगितलं. असेलही, मी त्यांना सोडत नाही. पण त्याने एकच घर मागितलं होतं आणि ते घर त्याच्या ऑफिसापासून चालत वीस मिनिटांवर होतं. आपलं ठेवावं झाकून अन् दुसऱ्याचं पाहावं वाकून, ते हेच. माझा सगळा संशयीपणा म्हणजे चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

तुम्हाला कळलं होतं का, हे मी इतकी वर्षं स्वतःला विचारत आले. त्या बैठकीनंतर तुम्ही प्यायचं पाणी विहिरीतून कळशीने शेंदायला लागलात, गढूळ असलं तर फडक्यातून गाळून. मी म्हटलं, बाई, टाकी आहे की. तुम्ही म्हणालात, "तेवढाच व्यायाम गो." तुम्ही गेलात तेव्हा डॉक्टरांनी हृदय म्हणून लिहिलं. त्याआधीची मानेवरची सूज, सततचा थकवा, त्यांनी वयावर घातलं. वय असेलही. एका माणसाच्या आजारावरून एका डब्याला फाशी देता येत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. पण ज्याने डबा रिकामा केला त्याला झोप लागत नाही, हे कोणत्या पुस्तकात लिहिलेलं नाही. परवा भाची सहज बोलून गेली, "मावशी गंमतच होती. टाकीचं पाणी कुणाला तोंडाला लावू द्यायची नाही, आणि टाकी पाडूया म्हटलं की अंगावर यायची. म्हणायची, माझ्या पोरीने रंगवलेली आहे."

मी रस्त्यात उभी राहून रडले, बाई. आजूबाजूचे बघत होते तरी रडले. खोटं कधी न बोलणाऱ्या तुम्ही माझ्यासाठी बोललात आणि त्याच्या वजनाखाली तुमचंच टिपण दाबलं गेलं. मला रागही येतो तुमचा. तेव्हाच एक मुस्कटात मारून साहेबांना घर दाखवायचं होतंत. मी चार दिवस रडले असते आणि मोकळी झाले असते.

आमच्या यंत्राला हे कथील दिसत नाही, नमुना बाहेर पाठवावा लागतो. सोबतच्या कागदावर रकाना असतो, नमुन्याची माहिती. आठ दिवस तो कोरा होता. पण घर घेणाऱ्याच्या त्या दोन पोरी नवं घर झालं की उन्हाळ्याच्या सुट्टीत राहायला येणार आहेत, आणि 'गळते' म्हणून भागणार नाही. आज सकाळी लिहिलं: घरगुती पाण्याची टाकी, आतून होडीचा रंग, लावणारी मी. पुढे माझं पूर्ण नाव. कुरियरवाल्या काकांच्या हातात पाकीट दिलं आणि घर घेणाऱ्याला फोन करून सांगितलं, अहवाल येईपर्यंत त्या पाण्याला हात लावू नका. "का हो, गळते म्हणून?" त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही, रंग मी लावलाय म्हणून.

हे पत्र कुठे पाठवायचं? तुमच्या भिंगाच्या डबीत घडी घालून ठेवते. पण एक कबूल केल्याशिवाय राहवत नाही. काका पाकीट घेऊन जिना उतरले, आणि मी, पंचवीस वर्षं त्या दोन शब्दांवर थुंकलेली मी, दाराला टेकून देवाजवळ तेच मागत होते: 'आढळले नाही' येऊ दे. आलं तर मी विश्वास ठेवीन, बाई. एक प्रश्न विचारणार नाही.