भामाबाईंची साक्ष

मी, साहेबराव लिंबाजी सोनकांबळे, वय एकसष्ट, धंदा सॅक्सोफोन वाजवणे, मूळ राहणार कंधार, हल्ली मुक्काम लातूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. दडपण आणायला घरात कुणी नाही.

१. लातूरची खोली व भांडीकुंडी बहीण नागुबाई हिला. धम्म घेतल्यावर वडिलांनी गावात वाजवायचं सोडलं होतं. मी हैदराबादच्या हॉटेलात गोव्याच्या वादकांकडून जॅझ शिकून आलो, तेव्हा ते म्हणाले, "आमी सोडलं तेच तू धरलास व्हय?" त्यांनी माझं वाजवणं कधीच ऐकलं नाही. बहिणीने मात्र ताट वाढायचं थांबवलं नाही.

२. सॅक्सोफोन सिद्रामप्पांच्या बँडला. त्यांच्याकडे मी वरातीत वाजवत असे. लातूर जिल्हा झाला त्या मिरवणुकीत मी माझी स्वतःची चाल धरली, तर भर रस्त्यात मला थांबवून म्हणाले, "लोकांला गाणं वळखू आलं पायजे, साहेबराव." तो राग अजून आहे. तरी वाद्य पेटीत गंजण्यापेक्षा वरातीत वाजलेलं बरं.

३. ती चाल कागदावर नाही. जॅझमध्ये आम्ही वाजवता वाजवता रचतो आणि दुसऱ्या दिवशी ते हातून निसटतं. बहात्तरच्या दुष्काळात लग्नं थांबली, तसा मी कंधारकडे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलो. संध्याकाळी एकटाच वाजवत बसायचो. शेजारी खडी फोडणाऱ्या भामाबाई एकदा म्हणाल्या, "कालचं लई ग्वाड होतं. आज का बदललं?" कालचं आठवत नाही म्हटलं, तर त्यांनी ते जसंच्या तसं गुणगुणून दाखवलं. माझीच चाल मी त्यांच्याकडून शिकलो. उभ्या आयुष्यात तेवढंच कुणी ऐकलं, आणि ही गोष्ट मनाला फार लागते.

४. म्हणून खोली भामाबाईंना द्यायची होती, आणि साक्षही त्यांचीच हवी होती. वकील म्हणाले, ज्याला वाटा मिळतो त्याची साक्ष नको, एक काय ते ठरवा. मी त्यांच्या गावी किल्लारीला जाऊन त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "खोलीचं काय करू? तुमी वाजवलं ते सांगाया कुणीतरी पायजे की." सबब त्यांच्या नावे काहीही ठेवलेले नाही.

लातूर, १२ मे १९८५
सही: सा. लिं. सोनकांबळे

साक्षीदार:
१. अण्णाराव शंकरप्पा बिराजदार, वकील. सही माझ्यासमोर केली.
२. भामाबाई दगडोबा सूर्यवंशी, किल्लारी. डाव्या हाताचा अंगठा. सांगितल्याप्रमाणे लिहिले: सही म्या बघितली. चाल ह्यांचीच हाय, म्या ऐकली हाय.