तळटिपांचं प्रबोधन

३ जून, सकाळी ६.१०
आजपासून परिषदेचा पेपर लिहायला सुरुवात. विषय: युरोपातल्या प्रबोधनयुगातलं साहित्य आणि त्याचा वारसा. अठराव्या शतकातल्या त्या थोर पुरुषांनी जगाला स्वातंत्र्य शिकवलं, पण घरातल्या बाईला विसरले, हे ठणकावून मांडणार. परिषदेत पेपर वाचला की विभागप्रमुखपद माझंच. रोज दोन पानं. चहा आला.

सकाळी ११
एक वाक्य झालं. पण काय वाक्य! चहा गार. गरम करून मागितला.

९ जून
चार पानं. ही टाइप करतेय. माझं अक्षर जगात हिलाच लागतं. म्हणाली, अहो, घरातल्या बाईवर एवढं लिहिताय, एखाद्या बाईला विचारलंत का? म्हटलं, संदर्भग्रंथ भरपूर आहेत.

१४ जून
हिच्या शंका संपेनात. लेकही आईचीच री ओढते. शेवटी उदार मनाने सांगितलं, माझ्या मजकुराला हात लावू नकोस, म्हणायचंय ते पानाच्या तळाशी लिही. पाठवण्याआधी मी काढून टाकीन. विचारस्वातंत्र्याची सुरुवात घरापासून व्हायला हवी.

३० जून
शेवटची तारीख. दुपारी जरा डोळा लागला. लेकीला म्हटलं, आहे तसा पाठवून टाक.

२१ जुलै
परिषदेचं पत्र. मजकूर म्हणे परिचित वळणाचा, तळटिपा मात्र विलक्षण. फाइल उघडली. पान चार: विचारवंतांनी स्त्रीच्या श्रमांकडे कानाडोळा केला. खाली तळटीप: हे वाक्य पूर्ण होईपर्यंत लेखकाचा चहा तीनदा गरम केला. अशा एकतीस!
भाषणाचं आमंत्रण तळटिपा लिहिणाऱ्या बाईंना. मी श्रोता म्हणून आलो तरी हरकत नाही म्हणे.
तसंही विभागप्रमुखाला नुसत्या सह्याच कराव्या लागतात.

२२ जुलै
हिला सुचवलं, प्रवासाची दगदग तुला झेपायची नाही, नकार कळव. म्हणाली, विवेकाने विचार करून सांगते. लेक फिस्सकन हसली.
संध्याकाळी होकार गेला.

९ ऑगस्ट, सकाळी १०.४०
मायलेकी परिषदेला गेल्या. मी मुद्दामच थांबलो. गुरूने मागे राहावं. या घरात प्रबोधन आणलं ते मीच, यावर नवा पेपर लिहायला बसलो. तल्लफ आली. चहा उकळलाय, गाळणं सापडत नाही. हिला फोन करून विचारणार होतो.
पण एव्हाना अकरा वाजलेत. तिचं भाषण सुरू झालं असेल.