बुटक्या कपाटावरचे पंजे

सोमवार, ४

पुन्हा पंजा! काल दुपारभर खपून पॅसेजमधल्या बुटक्या कपाटाला मेण लावलं, नक्षीतली धूळ दात घासायच्या ब्रशने काढली, पितळी मुठी लखलखीत केल्या — आणि आज सकाळी कडेवर पाच बोटं! कपाट जुन्या धाटणीचं आहे, जुनं नाही, हे मलाही ठाऊक आहे. मुलगा त्याला ‘नवं जुनं’ म्हणून हसतो. हसू दे. निवृत्त झाल्यावर हौसेने घेतलेली ही एकच वस्तू.

हिला दाखवलं. म्हणते, “कुठे? मला तर काही दिसत नाही बाई!” सुनेला पाठीशी घालायचं म्हटलं की हिला कधीच काही दिसत नाही!

मंगळवार, ५

कामाच्या मावशींनी फरशीच्या ओल्या फडक्याने कपाट पुसलं. वर पांढरे डाग! कोरडं, मऊ फडकं घ्या — सांगून सांगून तोंड दुखलं. आणि डाग काढतोय तोवर शेजारी नवा पंजा!

बुधवार, ६

सुनेला स्पष्टच विचारलं. “बाबा, मी सकाळी डबा भरून पळते. तुमच्या कपाटाला हात लावायला वेळ कुणाला आहे?” डोळ्यांत पाणी. लगेच मुलगा मध्ये — “एका कपाटापायी घर डोक्यावर घेताय!” म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! ही शेजारी भाजी निवडत बसलेली, पण तोंडातून ब्र नाही.

जेवताना कुणी माझ्याशी बोललं नाही. नका बोलू.

शनिवार, ९

मुलगा-सून बाहेरगावी. मावशींची सुट्टी. सकाळी कपाट घासून आरशासारखं केलं, संध्याकाळी पंजे हजर! नीट पाहिलं तर जेवणाच्या खुर्च्यांच्या पाठींवरही, पार बाथरूमच्या दारापर्यंत.

म्हणजे ही!!

“तूच ना?” म्हटलं. “लागला असेल हात. माझ्या हाताला काय काटे आहेत?” अस्सं! आणि बिचाऱ्या सुनेने माझी बोलणी खाल्ली ती? मला तिच्यापुढे तोंडघशी पाडलंस ते? ही आत जाऊन पडली. इतका संताप कित्येक वर्षांत आला नव्हता! ही झोपल्यावर कपाट ओढून समोरच्या भिंतीला लावलं. ठेव म्हणावं आता हात!

रविवार, १०

अबोला धरून पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसलो होतो. ही खोलीतून बाहेर आली. कपाट होतं तिथे हात टाकला, मग नुसती भिंतच चाचपत राहिली. पाऊल उचलेना. माझ्याकडेच तोंड होतं तिचं.

“अहो,” म्हणाली, “घरात आहात का?”

मी तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो. “आहे,” म्हटलं. हात धरून तिला बाथरूमपर्यंत नेलं, आणि ती बाहेर यायच्या आत कपाट परत जागेवर ढकललं.