पिवळ्या मोज्यातली वाइन

प्रिय नाकाड्या,

आधी बस. टायरच्या गोदामातली तुझी ती करकरणारी खुर्ची ओढून घे आणि मगच पुढे वाच, कारण मला धीर निघत नाहीये. शुक्रवारी चाखायच्या बैठकीत पिवळा मोजा पहिला आला! आणि तोही एकमताने. आपल्या दुकानात आजवर कुठल्या गोष्टीवर एकमत झालेलं तुला आठवतंय का? मला तरी नाही.

तू ग्लासाला पुन्हा हात लावणार नाही म्हणालास, वाइन करणं तर सोडच, आणि तरातरा निघून गेलास. पण तुझे नियम मी अजून तसेच पाळते. प्रत्येक बाटलीला तुझा एकेक जुना मोजा चढवायचा, म्हणजे लेबल झाकलं जातं आणि स्वस्त कुठली, महाग कुठली ते कळत नाही. सगळ्यांनी तोंड मिटून चाखायचं, आपापल्या चिठ्ठीवर नंबर टाकायचे, आणि मगच मोजे उतरवायचे. मधेच कुणी मोज्यात डोकावलं तर त्याला पुढच्या शुक्रवारी नुसते खारे शेंगदाणे. धाक आहे म्हटलं माझा!

तू लिंबू सरबतावर आहेस हे माहीत असूनही सांगते, बिअर यंदा काय सुरेख येताहेत रे! स्टेशनमागे दोघी मैत्रिणींनी छोटीशी भट्टी टाकलीय. त्यांची गव्हाची बिअर ढगाळ दिसते, आणि नाकाशी नेली की पिकल्या केळ्याचा वास. काळी आहे ती कॉफीसारखी, पण शेवटी जिभेवर किंचित गोडवा ठेवून जाते. मी एकेक घोट घ्यायची आणि दर वेळी डावीकडे वळून बघायची, तुझं नाक काय म्हणतंय ते. डावीकडे आता फ्रीज आहे. वाइनचं म्हणशील तर मी हट्टाने खिशाला झेपेल तीच ठेवते आणि बाटल्यांच्या गळ्यात माझ्या चिठ्ठ्या अडकवते. एकीवर लिहिलंय, व्याही पहिल्यांदा जेवायला येणार असतील तर ही न्या. दुसरीवर, ही फक्त अशा मैत्रिणीबरोबर प्या जी मधे मधे फोन बघत नाही. लोक चिठ्ठ्या वाचायला म्हणून आत येतात आणि बाटली घेऊन बाहेर पडतात. हसू नकोस, खरंच.

तर शुक्रवार. पिवळा मोजा पहिला आला म्हणून मी थाटात तो ओढून काढला, आणि आतून निघाली बिनलेबलाची बाटली. सगळे माझ्याकडे बघताहेत, मी बाटलीकडे बघतेय, आणि तुझे भाऊजी छताकडे. तिथेच मी ओळखलं, पाणी कुठे मुरतंय ते. तुला माहितेय ना, त्यांना काही टाकवत नाही. बैठक संपली की बाटल्यांच्या तळाशी उरलेली सगळी लाल वाइन ते नरसाळ्याने एका बाटलीत भरतात, मटण शिजवताना घालायला. या खेपेला धूळ बसू नये म्हणून बाटलीवर हाताला लागला तो मोजा चढवून ठेवला. आणि मोजा दिसला म्हणून मी बाईसाहेबांनी ती उचलून टेबलावर मांडली! मोज्यात डोकावायचं नाही हा नियम ना, मग माझी काय बिशाद? दातांच्या डॉक्टरीणबाई तर खुर्चीतून उठल्याच, लग्नाच्या वाढदिवसाला खोकंभर हवीय म्हणाल्या. आता त्यांना काय सांगू, की बाई, तुम्ही गेल्या आठवड्याचं उरलंसुरलं प्यायलात? मी नुसतं गालातल्या गालात हसले आणि बघते म्हणाले.

रविवारी तीच चव पुन्हा जमवायला आम्ही दोघं स्वयंपाकघरात ठाण मांडून बसलो. आदल्या शुक्रवारी उघडलेल्या सगळ्या लाल वाइन पुन्हा आणल्या आणि चहाच्या गाळणीपासून औषधाच्या चमच्यापर्यंत हाताला येईल ते वापरून मिसळत राहिलो. कसलं काय! सगळं गुळमुळीत, पाणचट. माझा जीव नुसता रडकुंडीला आला. तेव्हा कुठे तुझे भाऊजी घसा खाकरून हळूच म्हणाले की ती बाटली मुळात रिकामी नव्हती, तिच्यात अर्ध्यापर्यंत नाकाड्याची होती.

तुझी, रे. जिन्याखाली तू खोक्यात घालून ठेवलेली. जाताना सगळी मोरीत ओतून टाका म्हणाला होतास ना? यांच्याच्याने ओतवली नाही. गुपचूप स्वयंपाकात घालत होते, आणि मी इतके दिवस त्यांच्या हाताच्या चवीचं कौतुक करत होते!

मी धावत जाऊन त्यातली एक आणली. थांब, खोटं नाही बोलणार, नुसती प्यायली तर ती अजूनही दात आंबवते. पण मुरून तिला काय वास सुटलाय, ओल्या मातीचा आणि जांभळाचा! मग आपली ती रोजची, साधी, मऊ लाल वाइन घेतली आणि तिच्यात तुझी थोडी ओतली. नाकाड्या, मी चक्क उडी मारली. गॅसशेजारी! मऊ वाइन ताठ उभी राहिली आणि तुझी निवळली. तुझीला सोबत हवी होती, एवढंच.

तू गेलास त्या दिवशी बैठकीत सगळ्यांनी तुझ्या वाइनला शेवटचा नंबर दिला, ते तुझ्या मनाला लागलं असं लोक समजतात. मला माहितेय, ते नव्हतंच. तुझी चिठ्ठी मी नंतर बघितली. मोजा चढवलेला असताना तूही तिला शेवटचाच नंबर दिला होतास. स्वतःची वाइन स्वतःच्या नाकाला कळली नाही, म्हणून तू नाकावरच रुसलास. अरे वेड्या, ती तेव्हा कालपरवाच भरलेली, अजून खदखदत होती, ती तिची तिलाच कळत नव्हती! आणि आपलं पोर आहे हे ठाऊक नसताना तू तिला खरा नंबर दिलास. इतकं प्रामाणिक नाक मी कुठून आणू? तेव्हा मला तुझा किती अभिमान वाटला होता, आणि मी मेली तुझी समजूत काढण्याच्या नादात ते सांगायचीच राहून गेले.

आता मुद्द्याचं. द्राक्षमळ्यातल्या काकूंना आमचं मिश्रण चाखवलं. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, पोरगा कुठाय. मऊ वाइन त्या देतील, पण आंबट तुझ्या हातचीच हवी म्हणतात. उतारावरच्या ज्या वेलींची द्राक्षं तू तेव्हा नेली होतीस, त्याच वेलींची यंदाची त्यांनी तुझ्यासाठी राखून ठेवलीत. महिनाअखेरपर्यंत थांबतील, मग मुरंब्याच्या कारखान्याला देऊन टाकतील. जिन्याखाली तुझ्या दोनच बाटल्या उरल्यात आणि त्या संपल्या की हे सगळं संपलं. दुसरं कुणी ती करू शकत नाही, मी करून पाहिली, व्हिनेगर झालं. सोबत पार्सल आहे, पिवळ्या मोज्यात आमच्या मिश्रणाची बाटली. त्यातली बाटली उघड, चाख, नंबर टाक, आणि मगच मोजा उतरव. तो पिवळा मोजा तुझा आहे, त्याच्या जोडीचा मी इथे धुऊन, घडी घालून ठेवलाय. तो काही पोस्टाने पाठवायची नाही मी. थंडी कडाक्याची पडलीय, एकाच पायात मोजा घालून किती दिवस हिंडशील? ये.

तुझीच, अजून डावीकडे वळून बघणारी,
ताई