गॅलरीतली निर्यातबंदी

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.
आजपासून रोज दोन तास अभ्यास. चाळीच्या वाचनालयाचा विकास काल स्वतःहून घरी आला. म्हणाला, शामराव, तुमचं एक व्याख्यान ठेवू या, विषय तुमच्या आवडीचा. लोकांना माणसाची किंमत कळायला वेळ लागतो, पण कळते. विषय दिला: भंगार धातूंच्या निर्यातीतील प्रादेशिक प्रवाह. तारीख २३. अख्ख्या डिलाईल रोडवर यावर माझ्याशिवाय बोलणार कोण?

संध्याकाळी. अभ्यास झाला नाही. वही घ्यायला गेलो होतो. चांगली वही मिळेपर्यंत दोन तास गेले.

५ नोव्हेंबर
बायकोने, जाईने, पुन्हा गॅलरीचं काढलं. आमची खोली मजल्यावरची शेवटची, म्हणून टोकाचा गॅलरीचा तुकडा आमचाच. तिथे माझा स्टॉक आहे. पंख्याच्या तीन मोटरी, सायकलीच्या दोन फ्रेम, नळ, कुकर, कपाटाचं एक दार, बंद गीझर. ती याला भंगार म्हणते. तिच्या गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी जमिनीवर झोपायला मनाई केली आहे आणि कॉट मावेल ती फक्त गॅलरीत. मान्य. पण तांब्याचा भाव चढतोय. अशा वेळी माल काढणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. शिवाय माझ्या वडिलांचा, कुशाबांचा, गिरणीतला नंबराचा पितळी बिल्ला त्याच ढिगात कुठेतरी आहे. तो सापडेपर्यंत तिथला खिळासुद्धा हलणार नाही. रविवारी शोधतो.

९ नोव्हेंबर, रविवार
बिल्ला शोधला नाही. तुर्कस्तान वाचत होतो. लोखंडी भंगार जगात सगळ्यात जास्त तेच मागवतात. जेवताना हे सांगितलं तर आमचे चिरंजीव वैभव म्हणाले, बाबा, मग गीझर त्यांनाच पाठवा ना. या पिढीला कशाचं गांभीर्य नाही.

१३ नोव्हेंबर
युरोपवाले आता आपलं भंगार सहजासहजी बाहेर जाऊ देईनात. पुढे आपल्यालाच लागेल म्हणतात. मी हे धोरण गेली नऊ वर्षं घरात राबवतोय. जाईला नीट समजावून सांगितलं. तेव्हा ती टेबलाचा पाय धरून जमिनीवरून उठत होती. उठून झाल्यावर म्हणाली, “तुमचा जग फिरान झाला की सांगा. माका पाय पसरूक जागा व्हयी.” गुडघे हा वेगळा विषय आहे. दोन्हींची गल्लत नको.

१७ नोव्हेंबर
छोटीशी अडचण. आपला देश भंगार बाहेरून आणतो जास्त, पाठवतो कमी. निर्यातीवर बोलायचं तर निर्यातच फारशी नाही. हे छत्तीस पानं लिहून झाल्यावर कळलं. विषय बदलावा का म्हणून घाबरत विचारलं, तर सून मेघना म्हणाली, अजिबात नको बाबा, तुम्ही फक्त भरपूर बोला. घरात एकीला तरी समज आहे.

२१ नोव्हेंबर
विकासला म्हटलं, पाऊण तास पुरे. तो म्हणाला, छे, दोन तास तरी हवेतच, त्याआधी सोडणार नाही. मोठमोठ्या वक्त्यांना एवढा आग्रह होत नसेल. जाईने माझा पांढरा शर्ट स्वतः इस्त्रीला दिला. चहासुद्धा तिकडेच घ्या म्हणाली. तिच्यात फरक पडतोय.
बिल्ला: सोमवारी नक्की.

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ४.
मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. वैभवला ऑफिसचं काम निघालं, मेघनाचं डोकं दुखतंय. दोघंही येत नाहीत. घरच्यांना कौतुक नसतंच.

रात्री ८.
श्रोते अकरा. पाऊण तासात तुर्कस्तान, युरोप, आखात उरकलं आणि आभार मानायला लागलो. विकास उठला. म्हणाला, आफ्रिकेचं काय? आफ्रिका झाली तर म्हणाला, व्हिएतनामचं काय? प्रत्येक प्रश्नाआधी फोन बघत होता. मला वाटलं, पोरगा तयारी करून आलाय. सात वाजता त्याचा फोन वाजला आणि त्याची जिज्ञासा एकदम मिटली. माझं वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नाही.

घरी आलो. गॅलरी रिकामी. झाडून, पुसून. वैभव मोरीत अजून हात घासत होता, कोपरापर्यंतचा गंज निघत नव्हता. मेघनाचं डोकं दुखत नव्हतं. गॅलरीत कॉट आणि कॉटवर जाई, दोन्ही पाय सरळ केलेली. तिला असं पडलेलं किती दिवसांत बघितलं नव्हतं, आठवेना.

भांडायला तोंड उघडलं तेवढ्यात भिंतीवर लक्ष गेलं. खिळ्याला बिल्ला, चिंचेने घासलेला. वडिलांचा नंबर ४१७ लांबूनही वाचता येत होता. पहिल्या दहा मिनिटांत सापडला म्हणे, गीझरच्या मागे. मी तो नऊ वर्षं शोधणार होतो. लाज वाटली.

व्याख्यानाचा परिणाम इतक्या लवकर दिसेल असं वाटलं नव्हतं, असं इथे लिहिणार होतो. नाही लिहीत.

जाईने विचारलं, कसं झालं व्याख्यान? म्हटलं, उत्तम. लोक सोडायलाच तयार नव्हते, दोन तास बोललो.

“काम दीड तासाचाच होता,” ती म्हणाली. “मगे अर्धो तास मी पाय पसरून पडलंय, आणि मगेच विकासाक फोन केलंय.”