शेजारची काच

१४ डिसेंबर
दरेकशाला पोचलो, गाडी पाहिली आणि बाहत्तराव्या वर्षी पुन्हा एकवीस वर्षांचा झालो. मालकीणबाई वच्छलाबाईंच्या गॅरेजात, कोंड्याच्या पोत्यांमागे ती उभी होती. हिरवी, बुटकी, जर्मन. इंजिन पाठीमागे, सहा सिलिंडरचं, वाऱ्यावर थंड होणारं, पाण्याचा थेंब लागत नाही. आजकालच्या डबड्यांना नाकापुढे पाण्याची टाकी लागते. म्हशी कुठल्या! बी. ए. होईपर्यंत मी खडकीच्या एका जर्मन इंजिनियरकडे अशीच गाडी चालवत होतो. नंतर छत्तीस वर्षं पुण्यात पोरांना कविता शिकवल्या. त्यांना ना कविता कळल्या, ना मी.

काम सोपं आहे. थंडी आहे तोवर रोज सकाळी गाडी घाटावर न्यायची, अर्धा तास थांबायचं, परत आणायची. बाईंचे यजमान श्यामलालशेठ, राइस मिलवाले, यांचा हा नेम. ते नऊ वर्षांपूर्वी वारले, नेम मात्र चालू आहे.

१५ डिसेंबर
पहिली फेरी. थंड इंजिनाला लाडीगोडी लावावी लागते. दोन सीटांच्या मधली, हाताने पेट्रोल वाढवायची दांडी थोडी उचलून ठेवायची, तेल तापेपर्यंत पाय हलका ठेवायचा, दवाने ओल्या वळणावर ब्रेकला शिवायचं नाही. मागचं वजन गाडीला फिरवून टाकतं. हे इथे कोणाला सांगणार? ट्रॅक्टर हाकणारी माणसं.

घाटावर धुकं होतं. खाली रेल्वेचा बोगदा, साल-सागाचं जंगल. चौथीच्या पुस्तकातली पहाटेची कविता मोठ्याने म्हटली. तिसऱ्या कडव्याची शेवटची ओळ आठवत नाही. साठ वर्षं आठवत नाही. ही रोजनिशीही बहुधा तिथेच, गाडीत बसून लिहितो. इंजिन बंद करत नाही, बॅटरी म्हातारी आहे आणि धक्का मारायला तिथे माकडंच.

बाईंची एक खुळचट अट आहे. शेजारच्या बाजूची काच चार बोटं खाली ठेवायची. सहा अंश थंडीत!

१७ डिसेंबर
अटीचं कारण विचारलं. एका प्रश्नाला दोन उत्तरं आली, दोन्ही गावठी.

स्वयंपाकीण अनुसयाबाईंचं म्हणणं असं की शेठ अजून गाडीत बसतात आणि घाटावर त्या फटीतून उतरून जातात. काच लावली तर उतरणार कुठून? "मंग ते वापस घरीच येतेत, मास्तर."

मिस्त्री बिसराम भुताखेताला हसतो. तो म्हणतो, हीटरची हवा सायलेन्सरभोवतीच्या डब्यातून येते, तो डबा सडलाय. "इंजिनाचा धूर आत येऊन राहिला. वास नाई येत त्याचा. शेठ तसेच गेले. ड्रायव्हर घाटावरून खाली स्टेशनवर चहा प्याले गेला, गाडी चालू, हीटर चालू, काचा बंद. चेहरा कसा गुलाबी होता, झोपल्यावानी." डॉक्टरांनी हृदयविकार लिहिलं म्हणे.

मला मात्र एकच गोष्ट लागली. शेठला गाडी चालवता येत नव्हती! अशी गाडी दारात आणि हा मनुष्य आयुष्यभर शेजारच्या सीटवर पोत्यासारखा बसला.

२० डिसेंबर
काच लावली. हीटरचा लाल दांडा पूर्ण उचलला. काय ऊब! नाक लावून वास घेतला, धूर नाही, काही नाही. छत्तीस वर्षं मी पोरांच्या थापा पकडल्या, हा नटबोल्टवाला मिस्त्री मला शिकवणार! बसल्या बसल्या डोळा लागला. शाळा दिसली, ओल्या पाट्यांचा वास आला.

२२ डिसेंबर
डोकं जड आहे. अनुसयाबाईंच्या फोडणीचं तेल बाधलं.

त्या आज जेवताना दोन ताटं मांडून गेल्या. दुसरं कोणासाठी, विचारलं. म्हणाल्या, तीन दिवस झाले, शेठ उतरलेच नाईत. मी ताट परत पाठवलं. अनुसयाबाई रडत होत्या. मला हसू आलं.

२५ डिसेंबर
घाटावर कविता म्हणत होतो. तिसऱ्या कडव्याशी अडलो आणि शेवटची ओळ ऐकू आली. संथ आवाज, हिंदीच्या वळणाचा, ‘ळ’चा ‘ल’ केलेला. मी सवयीने उच्चार सुधारला. त्याने ओळ पुन्हा म्हटली, या वेळी नीट.

मग लक्षात आलं की गाडीत मी एकटा आहे.

शेजारची गादी दबलेली. त्या बाजूच्या काचेला आतून वाफ.

२६ डिसेंबर
स्वतःला दटावलं. आठवण अशी उसळून येते, त्यात भूत कसलं! बिसराम हीटरचा पाइप काढून टाकतो म्हणाला. मी गाडीला हात लावू दिला नाही. "हट्ट कायले करता, गुरुजी? जीव जाईन ना!" म्हणाला. मी त्याला त्याची पायरी दाखवली.

२९ डिसेंबर
तो बोलतो. फक्त काच बंद असताना. कवितांचं त्याला काही नाही, मला खूश ठेवायला ओळी पुरवतो. गिअर टाकताना जरा खरखरला की हसतो. हा! ज्याला क्लच कुठे असतो ते ठाऊक नव्हतं!

विचारतो, चहा प्यायला जाणार नाहीस ना.

३१ डिसेंबर
काच उघडली. स्वतः, दोन्ही हातांनी. घाट चढून आलो तर बंद. हीटरचा दांडा वर. मी हात लावला नव्हता—

लावला असेन का?

२ जानेवारी
रात्री घरात. खोलीत. ऊब येते, पलंगाच्या त्या बाजूने. अनुसयाबाई खऱ्या होत्या. बिसरामही. दोघंही एकाच वेळी—

उद्या त्याला घाटावर उतरवायचं. काच उघडी ठेवून. मग किल्ली बाईंच्या हातात आणि संध्याकाळच्या गाडीने पुणं. पाइप काढायला बिसरामला सांगावं? त्याच्यापुढे आता कुठल्या तोंडाने—नाही. काच उघडी ठेवून एक फेरी, तेवढं मी करू शकतो.

३ जानेवारी
घाट. काच पूर्ण खाली होती. निघालो तेव्हा होती. देवाशपथ.

आता बंद आहे. हँडल फिरतं, काच हलत नाही.

किल्ली समोर आहे. फिरवली की इंजिन बंद. इतकंच. हात मांडीवर पडून आहे. लिहायला चालतो, किल्लीला नाही. तो म्हणतो, घाई काय. मागचा ड्रायव्हर उतरला होता. तू चांगला आहेस.

ऊब. गाल गरम—

कोणीतरी येतंय. मोटारसायकल. बिसराम. बाईंनी पाठवला असणार, उशीर झाला म्हणून—माझ्या बाजूच्या काचेवर मुठी मारतोय. दार आतून लावलंय. ओरडतो, गुरुजी, दार खोला, दार खोला—हातात पाना आहे. फोडेल. फोड.

थांबला.

माझ्याकडे बघत नाहीये. माझ्या पलीकडे बघतोय. शेजारच्या सीटकडे. भुताला हसणारा बिसराम—पाना पडला. मागे सरकतोय. नको. जाऊ नका. बिसरामभाऊ, चुकलो मी, अहो बिसरामभाऊ, काच फो